शहर बदललं आणि चुकलं असं वाटतंय, तर काय करायचं (कोल्हापूर ते बेंगळुरू, स्वतःच्या अनुभवातून)

जुलै लागला की सकाळी उठल्या उठल्या मी फोनवर पहिलं काय बघते तर राजाराम बंधाऱ्याची पातळी. पंचगंगा किती फुटांवर आली, ३९ ची इशारा पातळी गाठली का, ४३ ची धोका पातळी अजून किती लांब आहे, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडलेत. राहते बेंगळुरूत, सहाशे किलोमीटर लांब, तरी ते आकडे बघितल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.

मला इथं येऊन तीन वर्षं झाली आणि त्यातलं पहिलं अख्खं वर्ष मी "आपण चुकलो" हे एकच वाक्य मनात घोळवत काढलं. नोकरी माझी होती, हट्ट माझा होता, नवऱ्यानं त्याचं तिथलं काम सोडलं आणि सात वर्षांच्या पोरीची शाळा बदलली ती माझ्यामुळं, म्हणून पस्तावा झाला तरी तो कुणाला सांगायची सोय नव्हती. तेव्हा जे कुणीतरी सांगायला पाहिजे होतं ते सगळं इथं लिहितेय. गाव-शहर तुमचं वेगळं असेल, पण काम बऱ्यापैकी हेच करावं लागेल.

आधी घरात बोला

हे सगळ्यात पहिलं. मी पाच महिने गप्प बसले, बाथरूममधे नळ सोडून रडले, बाहेर येऊन "हवा काय मस्त आहे ना इथली" म्हणाले. आणि नंतर कळलं की नवरासुद्धा तेच करत होता, त्याला वाटत होतं हिला वाईट वाटेल. दोघंही एकमेकाला सांभाळत होतो आणि दोघंही एकटे पडलो होतो. एका रात्री जेवताना मी साधं म्हटलं की मला इथं आवडत नाहीये, मला वाटतंय मी चूक केली, तर तो म्हणाला मलाही नाही आवडत, पण उद्याच्या उद्या बॅगा भरायला नकोत, बघू. बस, एवढंच. पण त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

निर्णय तुमचा असेल तर हे बोलणं जास्त अवघड जातं, मला माहिती आहे, पण "मी आणलंय ना सगळ्यांना, मग मी कशी तक्रार करू" हा विचार माणसाला आतून पोखरतो. सोबत जो आहे त्याला सांगा. आणि एक माझं मत, आईला पहिलं सांगू नका. आईबद्दल तक्रार नाही, पण ती एकाच वाक्यात "ये की मग परत, खोली तशीच हाय तुझी" म्हणते आणि मग पुढचे तीन दिवस ते वाक्य कानातून जात नाही. आईला सांगा, पण स्वतःचं जरा जागेवर आल्यावर.

आठवडाभर लिहून काढा की नक्की काय आठवतंय

"कोल्हापूरची आठवण येते" हे फार मोठं वाक्य आहे, त्यावर काही उपाय करता येत नाही. म्हणून एक आठवडा फोनमधेच नोंद करायची. जेव्हा जेव्हा आतून तुटल्यासारखं होतं तेव्हा वेळ लिहायची आणि त्या क्षणी काय पाहिजे होतं ते लिहायचं. मोठं काही लिहायचं नाही, चार शब्द पुरे.

मला वाटलं होतं माझ्या यादीत रंकाळा असेल, अंबाबाई असेल, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पितात तो कट्टा असेल. होतं तेही, पण रंकाळा अख्ख्या आठवड्यात दोनदा. बाकी नोंदी अशा होत्या: "भाजीवालीनं काही विचारलं नाही", "रिक्षावाल्याला अख्खा पत्ता सांगावा लागला", "मेडिकलवाला ओळखत नाही, चिठ्ठी मागितली", "संध्याकाळी ७, कुणी हाक मारली नाही". पानभर हेच. कोल्हापुरात कुठंही उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच, कुणाची गं तू, आणि वडिलांचं नाव सांगितलं की पुढच्या माणसाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. लग्नाआधी याच चौकशीचा मला वैताग यायचा. आणि इथं येऊन मला कळलं की मी शहराला कमी आणि त्या ओळखीला जास्त हुडकत होते, मला कुणीतरी "ओळखीचं" असायला पाहिजे होतं, बस.

तुमच्या यादीत वेगळं निघेल. कुणाचं खाणं निघतं, कुणाचं भाषा निघते, कुणाचं रिकामा वेळ निघतो (प्रवासात रोज तीन तास जायला लागले की शहर वाईट वाटतं, खरं वाईट ते अंतर असतं, अशा वेळी शहर सोडायच्या आधी ऑफिसजवळ घर बदलून बघा). आणि काही नोंदी अशा निघतील की ज्या परत गेलं तरी मिळणार नाहीत. माझ्या यादीत "कॉलेजचा ग्रुप, रंकाळ्यावर भेळ" होतं. दिवाळीत मुद्दाम संध्याकाळी गेले रंकाळ्यावर, भेळ घेतली, भिंतीवर बसले, आणि आजूबाजूला माझं कुणीच नव्हतं. एक जण पुण्याला, एक दुबईला, एक जयसिंगपूरला लग्न होऊन. त्या नोंदींसमोर खूण करा. त्यांचं दुःख खरंच आहे, ते करून घ्या, पण त्याचा दोष नवीन शहराला देऊ नका.

ओळख कशी करायची, याला एकच रस्ता आहे

तीच जागा, तीच वेळ, तेच माणूस. रोज नवीन हॉटेल, नवीन मॉल, नवीन बाग बघत फिरलं की आपण पाहुणेच राहतो. मी तीन जागा ठरवल्या. घराच्या कोपऱ्यावरची दर्शिनी, म्हणजे ते उभ्यानं खायचं हॉटेल असतं ना इथं, तिथं रोज पावणेआठला एक फिल्टर कॉफी. मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली फुलं विकणारी एक अम्मा, तिच्याकडून दर गुरुवारी आणि शुक्रवारी फुलं. आणि रविवारी सकाळी पोरीला घेऊन कब्बन पार्क, त्याच गेटनं आत, त्याच बाकावर.

पहिले पंधरा दिवस काही म्हणजे काही होत नाही. उलट जास्त वाईट वाटतं, कारण आपण रोज जातो आणि समोरचा रोज नवीन असल्यासारखा बघतो. सोडू नका. मला साधारण सहा-सात आठवडे लागले. एक दिवस कॉफीवाल्यानं टोकन बघायच्या आधीच साखर कमीवाली कॉफी पुढं सरकवली, आणि मी तो कप घेऊन बाजूला जाऊन उभी राहिले, डोळे भरून आले होते. हसण्यासारखी गोष्ट नाही ही. ज्याला कुणीच ओळखत नाही त्याला ते काय असतं ते कळेल.

फुलवालीचं अजून छान. इथं फुलांची माळ मोळावर देतात, मोळ म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, ती स्वतःच्या हातानं मोजते. "ओंदु मोळ" म्हटलं की एक हात. काही महिन्यांनी ती माझ्यासाठी मोजून झाल्यावर वर अजून चार बोटं द्यायला लागली, न बोलता.

भाषा, आणि इथं कोल्हापूरकराला मोठा फायदा आहे

बेंगळुरूत हिंदी-इंग्रजीवर भागतं असं सगळे सांगतात. भागतं, पण तेवढंच. रोज नुसतं भागवत राहिलात तर दहा वर्षांनीही ते शहर परकंच राहील. आपल्याकडं कागलच्या पुढं निपाणी लागली की दुकानांच्या पाट्या कानडी होतात, गडहिंग्लजकडच्या कितीतरी घरात दोन्ही भाषा चालतात, अक्का, अण्णा, अप्पा, अज्जी हे सगळे शब्द इकडंतिकडं सारखेच, तूप तिकडं तुप्पा होतं. आपला विठोबाही कानडाच. त्यामुळं सुरुवातीला जे अवघड वाटतं ते महिन्याभरात कानाला ओळखीचं लागतं.

शिकायला क्लास नको, दहा शब्द पुरे. बेकु म्हणजे पाहिजे, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे, एष्टु म्हणजे किती, स्वल्प म्हणजे थोडं. "कन्नड स्वल्प स्वल्प बरुत्ते", मला कानडी थोडं थोडं येतं, हे एक वाक्य पाठ करा आणि रिक्षात, भाजीवाल्याकडं, वॉचमनकडं, सगळीकडं आधी हे म्हणा आणि मग लागलं तर हिंदीवर या. क्रम महत्त्वाचा आहे, हिंदीनं सुरुवात केली की दार अर्धंच उघडतं. "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का, हे इथं भेटल्यावर सहज विचारतात, अगदी आपल्यासारखं. आणि मला सगळ्यात जवळचं वाटलं ते निरोप घ्यायचं वाक्य. आपण जसं घरातून निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, तसं हे लोक "होगि बर्तीनि" म्हणतात, जाऊन येतो. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी मला हे शहर पहिल्यांदा आपल्यातलं वाटलं.

खाणं

पहिल्या महिन्यात इथल्या हॉटेलात "कोल्हापुरी" नाव असलेलं काहीही मागवू नका. पनीर कोल्हापुरी, व्हेज कोल्हापुरी, नुसता लाल रंग आणि तिखटपणा, आणि तो घास घेतला की घराची आठवण दुप्पट होते. मिसळ हुडकत शहरभर फिरू नका. त्यापेक्षा उन्हाळ्यात घरी वर्षाची चटणी करतात ना, कांदा-लसूण घातलेली, त्यातला एक डबा आणा आणि घरातच मटकीला मोड काढा.

त्या चटणीवरून एक गोष्ट सांगते. आपल्या चटणीला रंग येतो ब्याडगी मिरचीनं आणि आमच्या घरी तिखटाला संकेश्वरी घालतात. ब्याडगी हावेरी जिल्ह्यात, संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे दोन्ही कर्नाटकातल्या. कोल्हापूरहून बेंगळुरूला बस निघाली की निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर, धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकूर असा रस्ता आहे, म्हणजे आपण आपल्याच मिरचीच्या गावांवरून जातो. मला हे कळलं तेव्हा तो बारा तासांचा रस्ता एकदम जवळचा झाला.

आणि भाकरीसाठी उत्तर कर्नाटकची खानावळ गाठा. त्यांच्या पाटीवर कानडीतही "खानावळी"च लिहिलेलं असतं. जोळद रोट्टी म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी म्हणजे शेंगदाण्याची चटणी. हुबळी-धारवाडकडची माणसं वाढतात, त्यांना कोल्हापूर म्हटलं की अंबाबाई लगेच कळते, महालक्ष्मी म्हणतात. महिन्यातून एक रविवार आम्ही तिथं जेवतो.

मराठी माणसं

एक दिवस लिफ्टमधे एक बाई फोनवर बोलत होती, "मी आलो गं, लिफ्टातच हाय, ठेवतो." बाई असून आलो, ठेवतो. असं बोलणारी बाई कोल्हापूरकडचीच असणार, मी सरळ विचारलं, कुठली गं तू? उत्तर आलं शाहूपुरी. दोघी चौथ्या मजल्यावर उतरायचं विसरून वरपर्यंत गेलो. आज माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण तीच.

तर अशी माणसं हुडका, जरूर हुडका. गांधीनगरमधे महाराष्ट्र मंडळ आहे, जुनं आहे, तिथं गणपतीत जा. मराठी माणूस इथं काही काल-परवा आलेला नाही, शहाजीराजांकडं बेंगळुरूची जहागीर होती, आणि त्यांची समाधी दावणगिरी जिल्ह्यात होदिगेरेला आहे, आपल्या येण्याजाण्याच्या रस्त्यापासून आत वळून जाता येतं, एकदा नक्की जाऊन या. पण एक सांभाळा. नुसतं ट्रॅफिक, भाडं आणि इथल्या लोकांना नावं ठेवत बसणारा ग्रुप असेल तर त्यातून हळूच बाहेर पडा. मी अशा एका ग्रुपमधे चार महिने होते, दर शनिवारी भेटायचो, आणि दर रविवारी मला उठावंसं वाटायचं नाही.

घरी किती वेळा जायचं

यात मी सगळ्यात जास्त चुकले. पहिले चार महिने एक शनिवार सोडून एक, शुक्रवारी रात्री स्लीपर बस, शनिवारी सकाळी कोल्हापूर, रविवारी रात्री परत. कंबर गेली, पैसे गेले, आणि दोन्हीकडं धड नाही. तिथं गेलं की रविवार दुपारपासून परत जायची धाकधूक, इथं आलं की पुढच्या बसचं बुकिंग. शेजारीण कोण आहे हे मला पाचव्या महिन्यात कळलं, कारण सुट्टीच्या दिवशी मी इथं नसायचेच.

आता दोन महिन्यांतून एकदा, तारीख आधीच ठरवलेली आणि कॅलेंडरवर लिहिलेली. तारीख नक्की असली की मधले दिवस ताण देत नाहीत. बसनं अंग आखडत असेल तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं मिरजेपर्यंत झोपून जा आणि पुढं कोल्हापूर तासाभराचं आहे.

आणि फक्त सणाला जाऊ नका, हे फार कळकळीनं सांगते. सणातलं गाव सगळ्यांनाच सुंदर वाटतं. एकदा साध्या मंगळवारी-बुधवारी राहा, रजा काढून. बँकेत जा, लाईट बिलाचं काम करा, दवाखान्यात आई-बाबांचा नंबर लावा, दुपारी तीनला घरात बसून बघा काय वाटतं. ते गाव तसंही हवंहवंसं वाटलं तर तुमची ओढ खरी आहे. मला निम्मं वाटलं, निम्मं नाही.

पुराच्या, आजारपणाच्या काळजीचं वेगळं आहे. ती काळजी आठवणीत मिसळली की डोकं बधिर होतं. २०१९ चा पूर ज्यानं बघितलाय त्याला पावसाळ्यात लांब राहणं किती जड जातं ते मी सांगायला नको. मी एवढंच करते की पातळी सकाळी एकदा आणि रात्री एकदा बघते, दिवसभर नाही, आणि गल्लीतल्या एका पोराला सांगून ठेवलंय की आई-बाबांना हलवायची वेळ आली तर पहिला फोन त्यानं मला करायचा.

कागदपत्रं आणि पैसे, म्हणजे परतीचा रस्ता मोकळा ठेवा

भाड्याचा करार बहुतेक ११ महिन्यांचा असतो. सही करायच्या आधी तीन गोष्टी वाचा, लॉक-इन (म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ) किती महिन्यांचं, नोटीस किती, आणि घर सोडताना रंगकामाचे किती कापणार. इथं डिपॉझिटला ॲडव्हान्स म्हणतात आणि पूर्वी सर्रास दहा महिन्यांचं भाडं घ्यायचे, आता घासाघीस करता येते, करा. आमच्या पहिल्या घरमालकानं रंगाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापलं, करारात तसं लिहिलेलं होतं आणि मी वाचलं नव्हतं. पहिली दोन वर्षं इथं घर विकत घेऊ नका आणि तिकडचं विकू नका, कुणी कितीही चांगला भाव सांगू दे.

गाडीचं बघा. दुसऱ्या राज्यातली गाडी इथं १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर कायद्यानं नवीन नंबर घ्यावा लागतो. कोल्हापूर आरटीओची एनओसी, इथला लाइफ टॅक्स, मग तिकडं भरलेल्या टॅक्सचा परतावा मागायचा, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही एनओसी. एमएच ०९ ची पाटी उतरवायची म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता. पण मग आम्ही दोघांनी तीच तारीख निर्णयाची धरली. अकराव्या महिन्यात बसून ठरवायचं, राहायचं की जायचं, आणि तोपर्यंत रोज रोज तो विषय काढायचा नाही. तुम्हीही अशी एक तारीख धरा, रोजचा तराजू बंद होतो.

ठरवायची वेळ आली की

जुनी यादी काढा. त्यातल्या किती गोष्टी इथं थोड्यातरी जमल्या, किती अजिबात नाहीत, ते बघा. घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारा, पोरांनाही. आई-वडिलांना रोज माणूस लागतंय अशी वेळ असेल, किंवा तुम्ही सगळं मनापासून करूनही वर्षभरानं सकाळ तशीच जड उजाडत असेल, तर परत जा, आणि मान वर करून जा. परत येणाऱ्याला लोक चार दिवस विचारतात, काय झालं, जमलं नाही का, पाचव्या दिवशी विसरतात. फक्त तिकडचं काम आधी पक्कं करा, रागात राजीनामा देऊ नका.

आणि झोप उडालीय, जेवण जात नाही, जगण्यातच रस वाटत नाही असं दोन-तीन आठवडे चाललं असेल तर ही शहराची आठवण आहे म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना भेटा. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

आम्ही राहिलो. पोरगी आता वॉचमनशी कानडीत भांडते आणि आजीशी फोनवर "व्हय" म्हणते. गाडीची पाटी बदलली, जुनी पाटी बाल्कनीत तुळशीच्या कुंडीमागं ठेवलीय.

परवा गुरुवारी पाऊस होता, फुलवाली अम्मा प्लास्टिकखाली बसली होती. माळ मोजता मोजता तिनं विचारलं, "ऊरल्लि मळे हेगिदे?" म्हणजे गावाकडं पाऊस कसा आहे. तिला मी कधीतरी मोडक्यातोडक्या कानडीत नदीचं सांगितलं होतं, तिनं लक्षात ठेवलं होतं. मी सकाळी बघितलेला आकडा सांगितला, "नलवत्तोंदु अडि", एक्केचाळीस फूट. तिनं हात थांबवला, अरेरे म्हणाली, आणि आई-वडील कुठल्या मजल्यावर राहतात ते विचारलं.